खावटी, ताबा आणि नागपूरचा एक अर्ज

कोची असो की कोल्हापूर, आज देशातल्या कुठल्याही कुटुंब न्यायालयात पोटगी मागायला गेलं की आधी एक लांबलचक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. पगार किती, घरभाडं किती, किराणा किती, दागिने कोणते, विमा, भविष्यनिर्वाह निधी, डोक्यावरचं कर्ज, बँकेच्या खात्यांचे मागच्या तीन वर्षांचे उतारे, म्हातारे आईवडील कुणाच्या भरवशावर आहेत. नवऱ्यानंही भरायचं, बायकोनंही. हा कागद आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालातून. आणि ज्या अर्जावरून तो निकाल लागला, तो अर्ज निकालाच्या सात वर्षं आधी नागपूरच्या कुटुंब न्यायालयात दाखल झाला होता.

खटल्याचं नाव रजनेश विरुद्ध नेहा. वकील मंडळी आता त्या प्रतिज्ञापत्रालाच या नावानं ओळखतात.

हकिकत तशी रोजचीच. जानेवारी २०१३ मध्ये, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, बायको सासर सोडून निघाली. सप्टेंबरात तिनं स्वतःसाठी आणि मुलासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अंतरिम पोटगी मागितली. अंतरिम म्हणजे मूळ भांडण मिटेतोवर चूल पेटती राहावी म्हणून. समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असं कायदाच सांगतो. इथे आदेश निघाला २४ ऑगस्ट २०१५ ला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. बायकोला १ सप्टेंबर २०१३ पासून दरमहा १५,००० रुपये. मुलाला पहिली दोन वर्षं ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. नवरा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. तिथे १४ ऑगस्ट २०१८ ला त्याची याचिका फेटाळली गेली. मग दिल्ली. आपण बेरोजगार आहोत आणि २००६ सालच्या प्राप्तिकर विवरणावरून २०१३ ची पोटगी ठरवणं चूक आहे, असं त्याचं म्हणणं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठानं नागपूरचाच आदेश कायम केला आणि बायकोची थकबाकी बारा आठवड्यांत भरायला सांगितलं.

जरा बेरीज करून बघा. सप्टेंबर २०१३ ते ऑक्टोबर २०२० हे ८६ महिने होतात. १५,००० रुपयांनी बायकोचेच १२ लाख ९० हजार झाले. मुलाचे पहिल्या चोवीस महिन्यांचे १ लाख २० हजार, पुढच्या बासष्ट महिन्यांचे ६ लाख २० हजार. एकूण २० लाख ३० हजार रुपये. मधल्या काळात त्यातलं काय भरलं गेलं, काय राहिलं, तो हिशेब निराळा. पण अर्ज पडला तेव्हा पाळण्यात असलेलं लेकरू निकालाच्या वेळी आठव्या वर्षात होतं, आणि निकाल तरी कशाचा, तर अंतरिम पोटगीचा.

म्हणूनच या निकालात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी ओळ: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष असं की तोवर यात एकवाक्यता नव्हती. कुठे अर्जाच्या तारखेपासून मिळे, कुठे आदेशाच्या, कुठे समन्स बजावल्याच्या. आदेशाच्या तारखेपासून द्यायची म्हटली, की जितकं लांबवाल तितका फायदा. नवऱ्यानं आजारी पडावं, वकील बदलावा, पत्ता चुकीचा निघावा, आणि दर तारखेला त्याचा एकेक महिना वाचावा. अर्जाच्या तारखेपासून मीटर सुरू झालं की या खेळातली गंमतच जाते.

आपल्याकडे पोटगीला खावटी असाही शब्द आहे. शेतकऱ्याच्या घरात खावटी म्हणजे खाण्यापुरतं बाजूला काढलेलं धान्य; आदिवासी भागात खावटी कर्ज याच अर्थानं देत असत. एका शब्दात पोट आहे, दुसऱ्यात खाणं. कायदा मात्र पोटापाशी थांबलेला नाही. ती ज्या राहणीमानात नांदत होती, साधारण त्याच राहणीमानात तिला जगता यावं, ही न्यायालयाची कसोटी आहे. दोघांचं शिक्षण, तिला नोकरी मिळण्याची शक्यता, पोरांसाठी तिनं सोडलेली नोकरी, राहायला घर आहे की नाही, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, सगळं बघायचं. ती कमावते, एवढ्याच कारणानं पोटगी नाकारता येत नाही. तिची कमाई पुरते का, हा प्रश्न. पूर्वी कलम १२५ खाली महिन्याला पाचशे रुपयांहून जास्त देताच येत नव्हते. ती मर्यादा २००१ मध्ये उठली, नाहीतर शाळेची रिक्षासुद्धा निघाली नसती.

आता परत त्या प्रतिज्ञापत्राकडे. पोटगीच्या दाव्यात बायको गरजा फुगवून सांगते आणि नवरा उत्पन्न दडवतो, हे न्यायालयानं निकालात आडपडदा न ठेवता नोंदवलंय. दोघांनाही शपथेवर सगळं मांडायला लावणं, हा त्यावरचा उतारा. उत्तर द्यायला फार तर चार आठवडे; दोनपेक्षा जास्त संधी नाहीत; खोटं निघालं तर फौजदारी कारवाई. आधी कुठे पोटगी मिळत असेल तर तेही सांगायचं, कारण कौटुंबिक हिंसाचार कायदा, हिंदू विवाह कायदा, कलम १२५ असे वेगवेगळे दावे एकाच वेळी चालू शकतात आणि एका दाव्यात मिळालेली रक्कम दुसऱ्यात वळती होते.

या प्रतिज्ञापत्राचा दुसरा नमुना खास शेतकऱ्यांसाठी आहे. शहरी वाचकाला त्याचा पत्ताही नसतो, विदर्भात मात्र तोच कामाचा. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, शेतीवर कर्ज किती. पुढे चक्क गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्या, डुकरं किती आणि त्यातून मिळतं किती, असाही रकाना आहे. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेचा मालक कागदावर गरीब दिसणं काही अवघड नाही. सातबारा आईच्या नावावर, बाग पोराच्या हातात, व्यापाऱ्यानं बहार उभा विकत घेतलेला आणि पैसे रोख. प्राप्तिकराचं विवरण नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर करच नाही. अशा घरातल्या सुनेनं नवऱ्याचं उत्पन्न सिद्ध तरी कशावर करायचं? झाडं किती, विहिरीला पाणी किती, हे तिला तोंडपाठ असतं, पण कागद एकही हाती नसतो. प्रतिज्ञापत्राच्या पहिल्या नमुन्यात समोरच्याच्या उत्पन्नाबद्दल आपल्याला काय माहीत आहे तेही लिहायला जागा आहे. सुनेनं ती जागा मोकळी सोडू नये.

किती टक्के, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मधल्या एका निकालात पगाराच्या पंचवीस टक्क्यांचा आकडा घेतला, तेव्हापासून पंचवीस टक्के हा जणू कायदाच आहे असं लोक बोलतात. तसा कुठलाही कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं कुटुंबाच्या उत्पन्नाचे वाटे पाडायची एक रीत सांगितली होती: कमावणाऱ्याला दोन, बाकी प्रत्येकाला एक. नागपूरच्या खटल्यात मात्र न्यायालयानं मुद्दाम सूत्र दिलं नाही. माझ्या मते हे बरोबर झालं. भाड्याच्या खोलीत दोन पोरांना वाढवणारी आणि बापाच्या बंगल्यात राहणारी, दोघींना एकच टक्केवारी लावून कसं चालेल?

आणि हो, हिंदू विवाह कायद्याखाली नवराही पोटगी मागू शकतो. नांदेडच्या एका शिक्षिकेनं घटस्फोटित नवऱ्याला दरमहा ३,००० रुपये द्यावेत हा आदेश औरंगाबाद खंडपीठानं २०२२ मध्ये कायम केला, तेव्हा बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळलं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो त्या जागी येऊ. न्यायालयाच्या व्हरांड्यात कान दिलात तर दोन वाक्यं हमखास ऐकू येतील. तो म्हणतो, "पोट्ट्याले भेटू देत नाही, मंग पैसे कायले देऊ?" ती म्हणते, "पैसे देत नाही, तं पोट्टं कायले दाखवू?" दोघांनाही आपलं म्हणणं रोखठोक न्यायाचं वाटतं. कायद्याला मात्र दोन्ही मान्य नाही. खर्च हा लेकराचा हक्क, भेट हाही लेकराचाच हक्क. एक अडवून दुसरा वसूल करता येत नाही. खर्च थांबला तर वसुलीचा अर्ज करायचा, भेट अडली तर भेटीच्या आदेशाचा. नवरा-बायको आपसात काहीही ठरवोत, लेकराचा खर्च सोडून द्यायचा अधिकार आईला नाही आणि बापालाही नाही.

मुलाचा ताबा. हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. प्लॉटचा ताबा, शेताचा ताबा, आणि त्याच शब्दात लेकरू. आणि योगायोग बघा, आईच्या पालकत्वाचा एक मोठा निकाल खरोखरच शेताच्या भांडणातून आला, तोही विदर्भातून. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान, सर्वोच्च न्यायालय, १९७०. आईबाप वीसेक वर्षं वेगळे राहत होते, मुलगी आईपाशी. मुलीच्या नावचं शेत आईनं कसायला दिलं. पुढे विदर्भाच्या कुळकायद्याखाली वाद झाला तेव्हा प्रश्न आला: बाप हयात असताना मुलीच्या वतीनं करार करायचा अधिकार आईला होता का? १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो, नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. न्यायालयानं सांगितलं, जो बाप वर्षानुवर्षं ढुंकूनही बघत नाही तो असून नसल्यासारखा. इथे पालक आईच. पुढे १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात याच धाग्यानं 'त्याच्यानंतर'चा अर्थ 'तो मेल्यानंतर' असा नसून 'तो नसताना' असा लावला गेला. तिथे निमित्त होतं मुलाच्या नावानं घेतलेल्या रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांचं. आईला पालक ठरवायला दोन्ही वेळा मालमत्ता मध्ये यावी लागली. नुसतं वाढवणं पुरलं नाही.

पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं याच कायद्यात आहे. गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं की इतक्या लहान मुलाला आईकडे ठेवू नये असं म्हणणाऱ्या बापानं ते सिद्ध करायचं. पण याचा उलटा अर्थ लावू नका. पाचव्या वाढदिवशी मूल आपोआप बापाकडे जातं, ही निव्वळ अफवा आहे. कायद्यात शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा. बापाचा पगार मोठा म्हणून ताबा मिळत नाही. पगाराचं काम पोटगीनं भागतं. शाळा कुठली, घरात संध्याकाळी कोण असतं, आजी आहे का, भावंडं एकत्र राहतील का, हे बघतात. मूल समजतं झालं असेल तर त्याला विचारतात. न्यायाधीश त्याला दालनात बोलावून, आईबापांना बाहेर ठेवून बोलतात. पढवून आणलेलं पोर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच कळतं.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेट मिळते. आदेशाचा साचा बहुधा ठरलेला: पंधरवड्यातून एक शनिवार, न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत किंवा दोघांना चालेल अशा जागी, मधे व्हिडिओ कॉल, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. पहिल्या पाच-दहा मिनिटांत पोरगं आईच्या ओढणीमागून बाहेर येत नाही. बापानं हौसेनं आणलेले बूट एक नंबर लहान निघतात, कारण मधल्या महिन्यांत पाय वाढलाय. असा शनिवार कुठलाही कायदा सुखाचा करू शकत नाही. पण ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि घटस्फोट? तो मी शेवटी घेतला, कारण तीनही प्रश्नांत तोच सगळ्यात सरळ. पोटगी मागायला घटस्फोट झालेला असावा लागत नाही, आणि झाला म्हणून पोटगी बंदही होत नाही. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड पूर्वीपासून होती. पंचांसमोर काडी मोडली की बाई मोकळी, मग पाट लावायची मुभा. हिंदू विवाह कायद्यानंही रूढीचा घटस्फोट मान्य ठेवलाय, फक्त ती रूढी सिद्ध करावी लागते. ज्या घरांत काडीमोड नव्हती तिथल्या बायकांना दारच नव्हतं. मुंबई प्रांतानं १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, पण नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी. तो कायदा इथे लागू नव्हता. इथे वाट मोकळी झाली ती १८ मे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. ज्या हिंदू कोड बिलाच्या खोळंब्यामुळे डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचाच हा एक तुकडा. कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी याच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गंमत अशी की बौद्ध पद्धतीनं लागलेलं लग्न मोडायचं तरी कायदा हिंदू विवाहाचाच लागतो. गोंड आणि इतर अनुसूचित जमातींना तो लागू नाही, त्यांची रूढी चालते. कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, मात्र जात-धर्म विचारत नाही. मुस्लिम घटस्फोटितेलाही ते लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं.

क्रौर्य म्हणजे काय, याचा धडाही एका मराठी घरातूनच आला. दास्ताने विरुद्ध दास्ताने, १९७५. नवरा शेतीशास्त्रातला डॉक्टर, बायको मूळची नागपूरची. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी निकाल दिला: विवाहाच्या दाव्यात खुनाच्या खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय एवढंच बघायचं. बायकोच्या वागण्यात क्रौर्य होतं, पण नवऱ्यानं नंतर तिच्याशी संसार करून ते पोटात घातलं, म्हणून त्याचा दावा फेटाळला. तेव्हा क्रौर्याच्या कारणावर फक्त न्यायिक फारकत मिळत असे. पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीनं घटस्फोटही मिळू लागला आणि परस्परसंमतीची सोयही झाली. संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं; समेटाची आशाच नसेल तर ही मुदत माफ होऊ शकते, असं २०१७ पासून ठरलंय. संमतीच्या अटी लिहिताना लोक रकमेवर महिनोन्महिने घासाघीस करतात आणि पोराच्या भेटीची ओळ दोन मिनिटांत उरकतात. पुढची दहा वर्षं भांडण होतं ते त्याच ओळीवरून.

न्यायालयाआधी पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, म्हणजे कौटुंबिक तक्रारींच्या कक्षात, बोलून बघता येतं. त्याची सुरुवात नागपूर पोलिसांनीच केली. कुटुंब न्यायालयातही विवाह समुपदेशक आधी दोघांना बसवतात आणि कामकाज बंद दाराआड होऊ शकतं. वकील परवडत नाही म्हणून अर्ज थांबवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

खावटीचा आदेश हातात पडला म्हणजे पैसे आले, असंही नाही. नवऱ्यानं भरले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं. पगारावर, मालमत्तेवर टाच येते. तरीही नाहीच, तर थकलेल्या प्रत्येक महिन्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. फक्त कलम १४४ खाली हे वॉरंट मागायचं, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. देईल आज ना उद्या, या आशेवर वर्ष उलटू देऊ नका.